सहावी पाटी

"आयकता का वो, हे तुमची वाघाच्या पट्ट्याची पाटी घेऊ का मी?" मंदाबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पाटी उचललीसुद्धा.

गुलाब पेंटर ओसरीत उभा राहून नव्या सदऱ्याच्या गुंड्या लावत होता. आज त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, आचलचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. आष्टीहून मुलाकडची मंडळी दुपारीच निघाली होती आणि दिवस मावळायच्या सुमारास हिंगणीला पोचणार होती. फळांची ताटं, नारळ, ओटीचं सामान मांडायला घरात एवढं मोठं टेबल कुठून आणायचं? मंदाबाईंनी धान्याचं रिकामं पिंप अंगणात आणलं, त्यावर ती पत्र्याची पाटी आडवी टाकली आणि वरून चादर घालायला वळल्या.

"अशी नाई बसत वो हे. डुगडुगते." त्यांनी पाटी फिरवली. अर्धा वळसा दिल्यावर ती नीट बसली.

पाटी म्हणजे पिवळ्या जमिनीवर एकच जाडजूड काळा बाण. दांडी नसलेला, नुसतं टोक. आडवा पाडलेला इंग्रजी व्ही म्हणा ना. मघाशी त्याचं टोक विहिरीकडे होतं, आता चुलीकडे झालं.

आचल नवी साडी सांभाळत दारात आली आणि हसायला लागली. "आई, तू तं बाणच फिरवला. आता पाहुणे सिधे चुलीत जातीन!"

गुलाबही हसला. आणि हसता हसता त्याचा हात गुंडीवरच थांबला.

"आचल," तो म्हणाला, "इकडं ये बरं. तिथं उभी राह्य. अशी. माह्याकडं तोंड करून."

त्यानं पाटी पिंपावरून ओढली, उभी केली आणि स्वतः तिच्या मागे जाऊन उभा राहिला. बाणाचं टोक नेमकं आपल्या उजव्या हाताकडे येईल अशी ती धरली. सकाळी बाकीच्या पाट्या लावल्या होत्या तशीच.

"सांग, टोक तुह्या कोण्या हाताकडं हाय?"

"हे काय आता, बाबा?"

"सांग म्हणतो ना!"

बापाचा असा आवाज आचलनं कधी ऐकला नव्हता. "डाव्या," ती म्हणाली.

 गुलाब पाटी धरून तसाच खाली बसला, नव्या पांढऱ्या धोतरासकट, शेणानं सारवलेल्या ओल्या अंगणात.

गोष्ट अशी होती. सेलूकडून हिंगणीला येताना गावाच्या अलीकडे एक वाईट वळण आहे. रस्ता बाभळींच्या आडून एकदम उजवीकडे वळतो. पण नाल्यावर पूल व्हायच्या आधीची जुनी गाडवाट तिथून डाव्या अंगाला निघते, आणि अंधारात परक्या माणसाला तीच मोठी वाटते. त्या वाटेनं गेलं की बैलगाडीभर अंतरावर काठ तुटलेला आहे. खाली नाला, आणि नाल्यात खडक. गेल्या उन्हाळ्यात एक टेम्पो तसाच गेला. दोन माणसं गेली. त्या टेम्पोच्या मागचे पिवळे-काळे पट्टे गुलाबनेच रंगवले होते, म्हणून तो पाहायला गेला होता आणि पाहून दोन दिवस जेवला नव्हता.

मग कुठे वळणावर पाट्या लावायचं ठरलं. बबनराव ठेकेदारानं काम गुलाबला दिलं. गावातली दुकानं आता सेलूहून नाहीतर वर्ध्याहून छापलेले फ्लेक्स आणून टांगू लागली होती. हातानं रंगवलेली पाटी कोणाला हवी? पण गुलाबनं हे काम असं केलं, जसं काही देवळाचा कळस रंगवायचा आहे. पाच पाट्या वळणासाठी आणि एक जास्तीची. सहावी बबनरावांनी नेलीच नाही, ती घरी राहिली.

हा बाण त्याच्या हातात आयुष्यभर होता. पोळ्याला बैलांच्या पाठीवर गेरूनं तो हेच कोन काढायचा, लोक म्हणायचे, गुलाब, तुझ्या हातचा बैल लांबून ओळखू येतो. ठाण्यातल्या हवालदाराच्या बाहीवरच्या तीन फिती हाच कोन. एकदा शाळेच्या भिंतीवर हवालदाराचं चित्र काढताना त्यानं चुकून चार काढल्या, तर खुद्द हवालदार येऊन म्हणाला, "मले बी नाई भेटल्या इतक्या, पुस एक!" मंदाबाई हिवाळ्यात स्वेटर विणायच्या, त्याच्या छातीवर हाच. आणि आचल लहान असताना ठिपक्यांची रांगोळी सोडून दारात नुसते असे कोनच काढत बसायची, एकापुढे एक, रस्त्यापर्यंत. कशाला गं, विचारलं तर म्हणायची, बाबाले घर सापडावं म्हणून.

पण तिथे उलटसुलटानं काही अडत नव्हतं. वळणावर अडत होतं. तिथे टोक जिकडे, गाडी तिकडे.

पाट्या लावल्या आजच सकाळी. दुसऱ्या दिवशी साहेब पाहायला येणार, म्हणून बबनरावांनी घाई लावलेली. शेजारचे बंडूजी मदतीला आले. पाट्यांना चारी कोपऱ्यांत भोकं, म्हणजे खालचं वर केलं तरी बसणारच. बंडूजी रस्त्याच्या बाजूनं पाटी धरून उभे, गुलाब मागून, नाल्याच्या बाजूनं, नट आवळत होता. रस्ता उजवीकडे जातो. टोक उजवीकडे. त्यानं पाची पाट्या आपल्या उजव्या हाताकडे टोक करून लावल्या. समोरून येणाऱ्याचा तो डावा हात, हे घरच्या कार्याच्या गडबडीत त्याच्या डोक्यात आलंच नाही. काम झालं आणि दोघं सायकलीवर बसून हिंगणीकडे निघाले. वळण मागे टाकलं की गावाच्या बाजूनं पाट्यांची पाठच दिसते. वळून पाहिलं तरी नुसता राखी पत्रा.

आणखी एक गोष्ट होती, ती गुलाबच्या जिवाला जास्त लागली. पस्तीस वर्षांत त्यानं एकही पाटी नावाशिवाय सोडली नव्हती. उजव्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'गुलाब'. पण बबनराव म्हणाले होते, "हे सरकारी काम हाय गुलाब, यावर तुह्या नावाची टिकली नको." त्यानं ऐकलं. नाव असतं तर बंडूजींसारख्या माणसालाही समोरून दिसलं असतं की नाव डोक्यावर उभं आहे. बिननावाच्या पाटीला खालवर काय कळणार!

"काय झालं वो? घाम काऊन सुटला तुमाले?" मंदाबाई जवळ आल्या.

"वळणावरच्या पाट्या उलट्या लागल्या, मंदा. नाल्याकडं दाखवून राह्यल्या."

मंदाबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्याच वेळी बंडूजी फाटकातून ओरडत आले, "चला चला, तयारी करा! दुकानावर फोन आलता. सेलूवरून निघाले पाहुणे. दोन गाड्या हायत. पुढच्या गाडीत रूपराव अन् मोठे मानसं, मांगच्या गाडीत बायका अन् नवरदेव."

रूपराव म्हणजे आचलचे होणारे सासरे. आष्टीच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. ते काय, त्यांचा ड्रायव्हर काय, या रस्त्यानं पहिल्यांदाच येत होते. मुलगी पाहायला आले तेव्हा गुलाबनंच आचलला सेलूला बहिणीच्या घरी नेऊन दाखवलं होतं.

गुलाबनं सहावी पाटी सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं करकचून बांधली. पिशवीत पाना टाकला. पिशवीत सकाळचा काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश तसेच होते, ते काढायलाही तो थांबला नाही.

"अन् पाहुणे आले तं? पोरीचा बाप घरी नाई म्हणतीन!" बंडूजींना काहीच कळेना.

"तू हाय ना. तू घे त्याईले. पानी दे, गुळ दे."

मंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एरवी त्या दहा गोष्टी बोलल्या असत्या. आज एकच बोलल्या. "जा. पयले जा."

सूर्य बोरच्या जंगलामागे गेला होता. मार्गशीर्ष महिना, उजेड भराभर ओसरत होता आणि शेतांवरून धुराचा-धुक्याचा पांढरा पट्टा रस्त्यावर उतरत होता. गुलाब सायकल अशी हाणत होता की चेन तुटते की काय. मनात एकच हिशेब चालला होता. सेलूवरून जीप म्हणजे किती वेळ? आणि जीपवाले तरुण पोरं, रस्ता मोकळा दिसला की दाबतात. अरे देवा, आज नको. माझ्या हातानं नको. पोरीच्या सासरच्या माणसांना मीच खड्डा खणून ठेवला की रे!

वळण ओलांडून तो पलीकडे गेला आणि त्यानं मागे वळून पाहिलं. पाची पाट्या धुक्यात पिवळ्याधमक उठून दिसत होत्या. देखणं काम होतं. पाचही बाण एका रांगेत, एका उंचीवर, नाल्याकडे बोट दाखवत उभे होते.

तो पहिल्या खांबाशी गेला. चार नट. सकाळी त्यानं ते जीव खाऊन आवळले होते, हलू नयेत म्हणून. आता ते हलेनात. पाना निसटला आणि बोटाची साल निघाली. एक नट, दुसरा, तिसरा. पाटी काढली, फिरवली, पुन्हा दोनच नट लावले आणि पुढच्या खांबाकडे पळाला. दुसरी पाटी वळली. तिसरीचा पहिला नट हाती आला आणि सेलूच्या बाजूला बाभळींवर उजेड हलला.

आता उरलेले नट सुटेपर्यंत गाडी थांबणार नव्हती.

गुलाबनं पाना टाकला, सायकलवरची सुतळी दातांनी तोडली आणि सहावी पाटी घेऊन धावला. कुठे उभं राहायचं, हा विचार करायला वेळच नव्हता. जिथे गाडी जायला नको तिथेच. गाडवाटेच्या तोंडावर, नाल्याला पाठ करून, तो उभा राहिला. पाटी छातीशी धरली. मग एकदम आठवलं आणि त्यानं ती खाली-वर फिरवली. समोरच्याचा उजवा. माझा डावा. समोरच्याचा उजवा, माझा डावा. तो हे तोंडानं म्हणत होता.

जीप आली ती वेगातच. दिवे पाट्यांवर पडले, दोन बाण इकडे, तीन तिकडे. गाडी क्षणभर डगमगली आणि मग बहुमताकडे वळावी तशी डावीकडे, थेट गुलाबच्या अंगावर आली. त्यानं डोळे मिटले. पण हलला नाही. पाय हलत नव्हते असंही म्हणता येईल, पण पाटी धरलेले हात मात्र वर उचलले गेले, तोंडासमोर, उजेडात.

ब्रेक असे करकरले की शेतातल्या टिटव्या उठल्या. गाडी थांबली तेव्हा तिची ऊब गुलाबच्या धोतराला लागत होती.

"मराचं हाय का बे बुढ्या!" ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "येडा हाय का तू? रस्त्यात पाटी घेऊन नाचून राह्यला!"

"उजवीकडं घ्या," पाटीमागून आवाज आला. "मांगं नाला हाय."

जीपमधून एक माणूस उतरला, बॅटरीचा झोत गुलाबच्या पायांमागे टाकला. झोत थोडा पुढे गेला आणि खाली पडला, तळाच्या खडकांवर.  उजवीकडे घ्यायला सांगून तो माणूस गाडीत जाऊन बसला. ते रूपराव होते. पाटी तोंडासमोर असल्यामुळे त्यांना कोण आहे ते दिसलं नाही, आणि गुलाबनं पाटी खाली घेतली नाही.

दुसरी गाडी येईपर्यंत तो तसाच उभा राहिला. बायकांची गाडी सावकाश आली, त्याला पाहून थबकली, उजवीकडे वळली. काचेतून बांगड्यांचा आवाज आला, कोणीतरी हसलं. गाडी गेल्यावर मात्र गुलाबनं पाटी खाली टेकवली. नवरदेवही त्याच गाडीत होता.

तो घरी पोचला तेव्हा अंगणात सतरंजीवर पाहुणे बसलेले, आणि बोलणं तापलेलं.

"पोरीचा बापच घरी नाई म्हणजे काय समजाचं मानसानं?" ही रूपरावांची थोरली बहीण, सीताबाई. घरात शब्द तिचाच चालतो, असं मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं.

"येतीनच. कामानं गेलते," बंडूजी तिसऱ्यांदा म्हणाले.

तिकडे ड्रायव्हर पोरांना रंगवून सांगत होता. "एक बुढा असा उभा गाडीपुढं! पाटी घेऊन! म्या म्हटलं भूतच हाय..."

आणि फाटकातून गुलाब आत आला. धोतराला शेण, सदऱ्यावर रक्त आणि काखेत पिवळी पाटी.

ड्रायव्हरचं तोंड उघडंच राहिलं. रूपराव व्याह्यांना पाहून ताडकन उठले. "इवाई, तुमी? तुमी होते थे?" त्यांनी येऊन गुलाबचे दोन्ही हात धरले. "आक्का, याईनं वाचवलं आमाले! म्या पाह्यलं ना बॅटरीनं, दोन हातावर मरण होतं. कोन्या गाढवानं लावल्या त्या पाट्या, काय मालूम. तीन-तीन बाण नाल्याकडं!"

सगळे उठून उभे राहिले. कोणी पाणी आणलं, कोणी पाट. सीताबाईंचाही चेहरा निवळला. बंडूजी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. ओसरीच्या खांबाआड मंदाबाई होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहून मान हलवली, अगदी थोडी. गप राहा. पोरीचं होऊन जाऊ द्या. त्यांच्या मागे आचल, डोक्यावर पदर, हात घट्ट आवळलेले.

गप राहणं किती सोपं होतं! रूपरावांनी हात अजून धरलेलेच होते. नुसतं "चालायचंच" म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण त्या वळणावर अजून तीन पाट्या नाल्याकडे पाहत उभ्या होत्या, आणि कोणीतरी या अंगणातून उठून जायलाच हवं होतं.

"म्या लावल्या," गुलाब म्हणाला.

"काय?"

"थ्या पाट्या म्याच लावल्या. आज सकाळी. मांगून पाहून लावल्या, उलट्या झाल्या. ध्यानात आलं तवा तुमी सेलूवरून निघाले होते. थो गाढव मीच हाय, इवाई."

रूपरावांचे हात सुटले. 

"अगं बाई!" सीताबाई म्हणाल्या. "सोयरीक कराच्या आंधीच सोयऱ्याले नाल्यात! हे कसलं लक्षण?"

आचलनं खांब धरला. नवरदेव, अंकित, कधी आत्याकडे तर कधी बापाकडे पाहत होता.  रूपराव त्या पिवळ्या पाटीकडे पाहत होते, हातात घेऊन, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाला बिजागऱ्या विकणारा माणूस. कोणती वस्तू कशी उलटी बसते हे त्यांना माहीत असावं.

"सगळ्या सरळ झाल्या का आता?" त्यांनी विचारलं.

"नाई. दोनच झाल्या. तीन हायत."

"मंग मले सांगा, तुमी घरी कायले आले?"

"पाहुणे खोळंबले असतीन म्हून. सांगून परत जाणार होतो."

रूपरावांनी ड्रायव्हरकडे वळून पाहिलं. "गाडी काढ बे. आक्का, तुमी बसा. आमी आल्यावर कुंकू लावू."

वळणावर जीप आडवी उभी करून दिव्यांच्या उजेडात काम झालं. या वेळी गुलाब मागे आणि पाटी धरायला समोर रूपराव. प्रत्येक पाटी आवळायच्या आधी गुलाब विचारायचा, "टोक कोण्या हाताकडं?" आणि रूपराव आपला उजवा हात वर करून दाखवायचे.  शेवटचा नट बसल्यावर रूपराव सेलूच्या दिशेनं रस्त्यानं बरेच मागे चालत गेले, धुक्यात दिसेनासे झाले, आणि परक्या माणसासारखे परत चालत आले. पाट्यांपाशी येऊन म्हणाले, "आता बराबर हाय."

गुलाबनं पिशवीतून काळ्या रंगाचा डबा काढला. ब्रश वाळून कडक झाला होता. त्यानं बोटच डब्यात बुडवलं आणि पहिल्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं, गुलाब. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"सरकारी पाटीवर चालते का नाव?" रूपरावांनी विचारलं.

"नाई चालत," गुलाब म्हणाला, आणि चौथीवर लिहिलं. "पण आता उलटी लागली तं नाव उलटं दिसन."

बबनरावांनी नंतर त्याला काम दिलं नाही, ती वेगळी गोष्ट.

परत आल्यावर आचलला पाटावर बसवलं. सीताबाईंनी तिची ओटी भरली. मग नवरदेवाला टिळा लावायची वेळ आली. तो मान मुलीच्या बापाचा. गुलाब पुढे झाला, कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला आणि थांबला. त्याचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत काळं झालं होतं. रॉकेलनं घासूनही निघालं नव्हतं. शुभकार्यात काळं! त्यानं हात मागे घेतला, धोतरावर पुसला, पुन्हा पाहिलं. इकडे तिकडे बघून तो बंडूजींना म्हणाला, "तू लाव."

"काऊन?" सीताबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच त्या थेट गुलाबशी बोलत होत्या.

गुलाबनं बोट दाखवलं.

म्हातारीनं त्याचं मनगट धरलं, बोट उजेडात नेऊन नीट पाहिलं. सोललेली साल, त्यावर काळा रंग. 

"काळं हाय तं हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच ते बोट कुंकवात बुडवलं. "नजर नाई लागणार पोराले. लावा."

अंकितनं मान खाली घातली. गुलाबनं त्याच्या कपाळावर टिळा ओढला, खालून वर, पाटीवर अक्षराचा काना ओढावा तसा सरळ.  टिळा लाल आला, कडेला थोडा काळा.